कडीवर चढलेली ई

"ओघळ दोन होते," बयाबाई म्हणाली. "तू एकच काढलाय."

वैष्णवीने माऊस सोडला आणि कपाळाला हात लावला. सकाळपासून ती पडद्यावरच्या गाडीच्या दारावर आजीचं नाव काढत होती, आणि आजी मागे खाटेवर बसून मेथीच्या जुड्या बांधता बांधता तिच्या चुका काढत होती.

"आजी, एवढासा ओघळ कोणाला दिसणार आहे?"

"मला."

यावर वाद नव्हता. वैष्णवीने दुसरा ओघळ काढला.

मखमलाबादच्या मळ्यातल्या या घरात कॉम्प्युटर आला होता तो वैष्णवीच्या कोर्ससाठी. कोर्सच्या जोडीला तिने मेनरोडवरून एका खेळाची सीडी आणली होती. अमेरिकेतल्या गाड्यांची शर्यत. त्रेचाळीस गाड्या एकाच गोल रस्त्यावर एकामागे एक फिरत राहायच्या, घाण्याच्या बैलासारख्या. वैष्णवीला फिरण्यात फारसा रस नव्हता. तिला रस होता रंगात. या खेळात आपली गाडी आपणच रंगवायची सोय होती. ती सायबर कॅफेत जाऊन खऱ्या गाड्यांचे फोटो बघायची, वहीत टिपणं करायची आणि घरी येऊन हुबेहूब तशीच गाडी रंगवायची. खऱ्या गाडीवर जे आहे ते सगळं यायला हवं आणि जे नाही ते काहीही येता कामा नये, हा तिचा धर्म होता. एका गाडीला तिला तीन तीन आठवडे लागायचे.

बयाबाईने पहिल्यांदा हे काम पाहिलं तेव्हा एकच प्रश्न विचारला होता.

"हे दारावर कुणाचं नाव काढती?"

"साबणाच्या कंपनीचं."

"अन हे?"

"तेलाच्या कंपनीचं."

"ते तुला काय देतात?"

"काही नाही."

"मग फुकट कशाला त्यांची नावं रंगवायची? आपली गाडी नाय का दारात? तिच्यावर नाव नाय का? ते रंगव."

वैष्णवीने खिडकीतून बाहेर पाहिलं. दारात टेम्पो उभा होता. निळा रंग उडालेला, डाव्या दाराला पोचा, आणि त्या दारावर लाल ऑइलपेंटची चार अक्षरं: बयाबाई.

ही अक्षरं साधी नव्हती. नऊ-दहा वर्षांपूर्वी मारुतीच्या देवळात साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. बयाबाई तेव्हा पन्नाशीची होती. शेत तिच्या नावावर, टेम्पो तिच्या नावावर आणि सही म्हणून अंगठा. ज्या दिवशी तिला आपलं नाव लिहिता आलं, त्या दिवशी ती वर्गातून घरी आली, पंपाच्या खोलीच्या दाराचा उरलेला लाल रंग काढला, काडीला चिंधी बांधली आणि टेम्पोच्या डाव्या दारावर, म्हणजे ती बसायची त्या बाजूला, नाव लिहून टाकलं. पहिल्या ब चं पोट सुटलं. या चा काना मागे रेलला. दुसरा ब पहिल्याच्या निम्म्याने झाला. ई लिहायची वेळ आली तोवर दार संपलं आणि मध्ये कडी आली. तेव्हा ई कडीवर चढवली. खाली दोन ओघळ आले. ते तिने पुसले नाहीत.

आता हेच सगळं वैष्णवीला पडद्यावर हवं होतं. म्हणजे आजीला हवं होतं.

"कडी कुठाय?" बयाबाईने विचारलं.

"या गाडीला कडी नसते आजी. दार उघडतच नाही. खिडकीतून आत शिरतात."

"चोरासारखे?"

"तशीच पद्धत आहे तिकडे."

"राहू दे त्यांची पद्धत. कडी नसली तर माझी ई कशावर बसंल?"

वैष्णवीने कडी रंगवली. आजीने सांगितलं म्हणून पोचाही रंगवला. एका बाजूने काळी सावली, एका बाजूने पांढरी रेघ, की सपाट दारावर हुबेहूब खड्डा. पुढच्या चाकाजवळ खऱ्या गाड्यांवर वीसेक छोटी स्टिकरं असतात, कुणाचे टायर, कुणाचे प्लग. तिथे बयाबाईने मेथी, शेपू, करडई, झेंडू असा आपला माल लिहून घेतला. हेडलाइट मात्र वैष्णवीने स्वतःच्या मनाने ठेवले. या गाड्यांना खरे दिवे नसतात, दिव्यांची चित्रं चिकटवलेली असतात. तेवढं तरी अमेरिकेचं राहू दे, असं ती म्हणाली. दारावर आणि टपावर सत्तावीस आकडाही तिने ठेवला, कारण आकड्याशिवाय गाडीला शर्यतीत घेत नाहीत.

गाडी रस्त्यावर उतरली तेव्हा बयाबाई पडद्याजवळ सरकली.

"माझ्या जागेवर कोण बसलाय?"

"ड्रायव्हर. तिकडे डावीकडे बसून चालवतात."

"म्हंजी मी चालवती?"

"हो."

बयाबाईने पदर सावरला आणि ताठ बसली. मग म्हणाली, "हळू घे. माल सांडंल."

रंगाला ओरखडा नको म्हणून वैष्णवी इतकी जपून चालवायची की बेचाळीस गाड्या पुढे जायच्या. "आजी, आपण शेवटचे आलो," ती म्हणायची. "येऊ दे," बयाबाईचं उत्तर ठरलेलं, "दुसऱ्याच्या नावानं पहिलं येण्यापरीस आपल्या नावानं शेवटचं बरं."

हे सगळं समाधानला मान्य नव्हतं. समाधान म्हणजे बयाबाईचा मुलगा, वैष्णवीचा बाप आणि टेम्पोचा ड्रायव्हर. मार्केट यार्डात अशी रीत आहे की ड्रायव्हरला त्याच्या नावाने कोणी हाक मारत नाही, गाडीवर जे लिहिलेलं असेल त्या नावाने मारतात. ज्याच्या गाडीवर 'वाघ' असेल तो वाघ. 'राजा' असेल तो राजा. समाधान चाळीस वर्षांचा, मिशा राखलेला, दहावी पास माणूस, आणि पहाटे भर यार्डात त्याला हाक यायची, "ए बयाबाई, गाडी मागं घे!"

"बयाबाई, चहा घेणार का?"

"बयाबाई, तुझं टायर बसलंय!"

दहा वर्षं त्याने हे ऐकलं. शेवटी एक दिवस संधी आली. टेम्पोचं पासिंग जवळ आलं होतं. पासिंगच्या आधी गाडी रंगवून घ्यायची, हा सगळ्यांचाच रिवाज; बयाबाई मात्र दर वर्षी रंगाला नाही म्हणायची. त्यातच नामपूरच्या मावशीचा पाय मोडला आणि बयाबाई तिला बघायला दोन दिवसांसाठी गेली. समाधानने त्याच दुपारी टेम्पो पेठ नाक्यावर फकिरा पेंटरकडे नेला.

फकिरा मूळचा सुरगाण्याकडचा. नाक्यावरून सुटणाऱ्या निम्म्या जीपगाड्या त्याच्या हातच्या. त्याचं वैशिष्ट्य असं की त्याला लिहिता येत होतं, वाचता येत नव्हतं. अक्षर हे तो चित्र म्हणून काढायचा. कागदावर जे असेल ते दारावर, पोपट असो की पत्ता. त्यामुळे त्याची चूक कधी होत नसे, आणि कागदावर चूक असेल तर तीही तो सोडत नसे.

बयाबाई परत आली तेव्हा टेम्पो दारात नवऱ्यामुलासारखा उभा होता. पोचा लांबीची पुट्टी भरून सपाट. रंग चकचकीत निळा. डाव्या दारावर, दोन गुलाबांच्या मध्ये, पिवळ्या अक्षरांत 'समाधान कॅरियर'.

बयाबाईने पिशवी खाली ठेवली. दाराजवळ गेली. जिथे ई होती तिथे बोट फिरवलं.

"कुणी केलं?"

"आई, पासिंगसाठी रंगवावाच लागतो..."

"रंग इचारत नाय. नाव कुणी पुसलं?"

"अगं, कसं दिसत होतं ते! वाकडंतिकडं. लोक हसतात."

"कुणाला हसतात?"

"मला."

"मग तुझं तोंड रंगवून घ्यायचं. माझं दार कशाला?"

असं म्हणून ती घरात शिरली, तिने टेम्पोची चावी खुंटीवरून काढली, पदराच्या टोकाला बांधली आणि पदर कमरेला खोचला.

"आई, परवा पासिंग हाय! चार दिवसांवर दसरा आला. झेंडू शेतात उभा हाय!"

"राहू दे उभा. झेंडूला माझं नाव माहीत हाय. गाडीलाच नाय."

"आता काय करू म्हणतेस?"

"माझं नाव होतं तसं आण. मग चावी."

समाधानने वैष्णवीकडे पाहिलं. वैष्णवीने छताकडे पाहिलं. तिला आजीची बाजू पटत होती, पण बाप समोर होता.

"त्यात काय," समाधान म्हणाला. "लाल रंग आणतो, तू परत लिही."

रंग आला. काडीला चिंधी बांधली. बयाबाईने 'समाधान कॅरियर'वर निळा हात मारून घेतला, तो वाळेपर्यंत जेवली, आणि मग दारासमोर उभी राहून नाव लिहिलं. लिहून मागे सरकली.

अक्षर सुंदर आलं होतं. ब ला पोट नव्हतं. काना ताठ. चारही अक्षरं एका उंचीची. ई कडीच्या अलीकडे, सुखाने बसलेली. एकही ओघळ नाही.

"वा!" समाधान म्हणाला. "हे तर लय भारी!"

बयाबाईने ओल्या फडक्याने चारही अक्षरं पुसून टाकली.

"अगं!"

"हे माझं नाय. हे आत्ताचं हाय." ती पुन्हा लिहायला लागली. या वेळी मुद्दाम वाकडं लिहायचा प्रयत्न केला. पण दहा वर्षं ती रोज पेपर वाचत होती, सोसायटीत सह्या करत होती, देवळाच्या फळ्यावर सुविचार लिहीत होती. हात वळणावर पडला होता. वाकडं लिहायला गेली की नुसतंच वाकडं येई, तसं येत नसे. चौथ्यांदा पुसल्यावर ती पायरीवर बसली. वैष्णवी तिच्याजवळ येऊन बसली.

"आजी," ती म्हणाली, "ते माझ्याकडे आहे की."

"काय?"

"तुझं नाव. पहिल्या दिवसाचं. दोन्ही ओघळांसकट."

बयाबाई उठली. समाधानकडे वळून म्हणाली, "जा. बोलव तुझ्या फकिराला."

दुसऱ्या दिवशी फकिरा डबे घेऊन आला. कॉम्प्युटर खिडकीत ठेवला, तोंड अंगणाकडे. बयाबाईने तेवढ्यापुरती चावी दिली, टेम्पो खिडकीला समांतर लावून घेतला आणि चावी परत पदराला बांधली. वैष्णवीने गाडी पडद्यावर आणली. तिची प्रॅक्टिकलची परीक्षा होती, थांबायला वेळ नव्हता.

"फकिराकाका, हे बटण दाबलं की गाडी फिरते. सगळ्या बाजू दिसतील. पण या माऊसला अजिबात हात लावू नका. काहीतरी बंद पडेल."

"नाय लावत, ताई."

बयाबाई डोक्याला फडकं बांधून झेंडू तोडायला निघाली होती. जाता जाता तिने बजावलं, "फकिरा, नीट ऐक. पडद्यावर जसं हाय तसं. एक ठिपका कमी नको, एक जास्त नको."

"आक्का, फकिरानं कधी स्वतःच्या मनाचं केलंय का?"

"नाय ना? मग लाग कामाला."

वैष्णवी सायकलवरून परीक्षेला गेली. समाधान उसन्या मोटरसायकलवर क्रेट शोधायला गेला. बयाबाई शेतात गेली. तीन शहाणी माणसं तीन दिशांना गेली आणि प्रामाणिक माणूस एकटा मागे राहिला.

दिवस मावळायच्या सुमाराला तिघंही परत आली. फकिरा ब्रश धूत होता. दमला होता, पण खूश होता.

समाधान सगळ्यात घाईत होता. उद्याच्या पासिंगची कागदं गाडीत आहेत का बघायची म्हणून तो डाव्या दाराशी गेला, कडी धरली आणि ओढली. हात घसरला. तळहात चंदेरी झाला.

"हे काय?"

"कडी," फकिरा म्हणाला.

"मग ही कोणती?" समाधानने वीतभर पुढच्या खऱ्या कडीवर हात ठेवला.

"ती पण कडी. तिचं असं झालं, पडद्यावरची गाडी लांब, आपला टेम्पो आखूड. नाव बसवलं तर ई आली अलीकडं, कडी राहिली पलीकडं. ई मोकळ्यावर पडली असती. मग पडद्यावर होती तशी कडी काढली, तिच्यावर ई बसवली."

बयाबाई दाराजवळ आली. तिने नाव पाहिलं. ब ला पोट होतं. काना रेललेला होता. दोन ओघळ, एक लांब, एक आखूड. तिने डोळ्याला पदर लावला.

"झालं माझं काम," ती म्हणाली.

"आजी," वैष्णवी बारीक आवाजात म्हणाली, "पुढून बघ."

पुढून टेम्पोला चार दिवे होते. दोन खरे आणि त्यांच्या वर दोन रंगवलेले, चांगले टपोरे, उघड्या डोळ्यांनी झोपलेल्या माणसासारखे. टपावर बैलाएवढा सत्तावीस. दोन्ही दारांवर सत्तावीस. चाकाजवळ मेथी, शेपू, करडई. जिथला पोचा लांबी भरून सपाट केला होता, तिथे रंगाचा नवा पोचा, इतका खरा की समाधानने बोट घालून पाहिलं. आणि दाराच्या मध्यावर, नावाच्या जरा खाली, एक पांढरा बाण. काळ्या कडेचा, तिरका, टोक नावाकडे केलेला.

वैष्णवीने तो बाण पाहिला आणि तोंडावर हात दाबला.

"काका, हा बाण?"

"पडद्यावर होता."

"तो गाडीवर नव्हता हो! तो माऊसचा आहे. सगळ्यांच्या पडद्यावर असतो."

"ते मला काय ठाऊक? मी बटण दाबलं, गाडी फिरली. पुढून बघितली, मागून बघितली, वरून बघितली. सगळं हाललं, हा बाण जागचा हालला नाय. म्हटलं, हे काहीतरी महत्त्वाचं हाय. याला सोडून चालायचं नाय."

"अरे पण दिवे!" समाधान ओरडला. "खरे दिवे असताना खोटे दिवे कशाला?"

"मलाबी प्रश्न पडला," फकिरा शांतपणे म्हणाला. "पण आक्कांनी सांगितलं, एक ठिपका कमी नको."

समाधान आईकडे वळला. "उद्या सकाळी पासिंग हाय. ही असली गाडी घेऊन जाऊ मी? सगळं पुसून टाक फकिरा, आत्ताच्या आत्ता!"

"ओलं हाय. आत्ता पुसलं तर नावबी जाईल," फकिरा म्हणाला.

"नावाला हात लावायचा नाय," बयाबाई म्हणाली. "अन गाडी अशीच जाईल. मी येते संगती. सायेब काय म्हणायचं ते मला म्हणू दे."

पासिंगच्या मैदानात सकाळी गाड्यांची रांग होती. बयाबाईचा टेम्पो रांगेत आला आणि रांगेतली माणसं गाड्यांतून उतरली. एकाने टपावरचा आकडा बघून विचारलं, "बयाबाई, सत्तावीस कशाचे?" समाधानने काच वर केली. एक जण डाव्या बाजूने येऊन रंगवलेली कडी ओढून गेला.

तपासणीचे साहेब शांत, चष्मेवाले होते. त्यांनी टेम्पोला एक फेरी घातली. मग उलट्या दिशेने दुसरी घातली. मग पुढे उभे राहिले.

"दिवे लावा."

समाधानने लावले.

"वरचे?"

"वरचे लागत नाहीत, साहेब."

"का?"

"चित्र हाय."

साहेबांनी जवळ जाऊन वरच्या दिव्यावर टकटक केलं. मग वहीत काहीतरी लिहिलं. "हे सत्तावीस?"

"शर्यतीचा नंबर," वैष्णवी म्हणाली. ती परीक्षा संपल्यामुळे सोबत आली होती.

"हा टेम्पो शर्यतीत असतो?"

"असतो," बयाबाई मागून म्हणाली. "शेवटचा येतो. पण असतो."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हा दाराला एवढा मोठा पोचा आहे. तो काढून का नाही आणला?"

"काढला होता, साहेब," समाधान रडकुंडीला येऊन म्हणाला. "परत काढला."

साहेबांनी पोच्यावर हात फिरवला. दार सपाट होतं. हात त्यांनी पुन्हा फिरवला. मग ते पुढे सरकले आणि बाणासमोर थांबले.

"हे कुठल्या पक्षाचं?"

"पक्षाचं नाही, माऊसचं आहे," वैष्णवी म्हणाली.

"कशाचं?"

आता बयाबाई पुढे झाली. पदर खोचलेला, त्यात दिवे बघून होताच परत घेतलेली चावी.

"सायेब, कागदं बघा. मालक कोण लिवलंय?"

साहेबांनी आरसी बुक उघडलं. "बयाबाई खंडेराव."

"दारावर काय लिवलंय?"

"बयाबाई."

"मग बाण बरोबर दाखवतोय का चुकीचं?"

मागे रांगेत कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी एकदा आरसी बुक पाहिलं, एकदा दार पाहिलं, एकदा बाण पाहिला.

"मागच्या वर्षीपण ही गाडी माझ्याकडेच होती," ते सावकाश म्हणाले. "तेव्हा हे अक्षर बघितल्याचं आठवतंय. ही ई अशीच वर चढलेली होती."

"तीच ई हाय," बयाबाई म्हणाली.

"हो. पण कडी सरकली वाटतं." त्यांनी वही मिटली. "ऐका. खोटे दिवे पुसा. सगळे सत्तावीस पुसा, खऱ्या नंबरात घोळ होतो. खोटी कडी पुसा, कोणी घाईत उतरायला जाईल आणि पडेल. भाजीपाला..." ते थांबले. "भाजीपाला माल आहे, राहू द्या. पोचा खरा नाही, त्यामुळे तो माझ्या कामाचा नाही. मालकाचं नाव डाव्या बाजूला लागतंच, ते आहे. दुपारी परत घेऊन या."

"अन बाण?" बयाबाईने विचारलं.

साहेबांनी थोडा विचार केला. "बाणाबद्दल नियमात काही नाही."

"तर मग राहील," बयाबाई म्हणाली.

एका मुद्द्यावर ती अडली. कडी पुसली तर ई मोकळ्यावर पडणार होती. मैदानाबाहेरच, डबे घेऊन सोबत आलेल्या फकिराने दिवे आणि आकडे पुसले, पण कडीशी आल्यावर तो आणि बयाबाई दोघंही थांबले. शेवटी फकिराने डोकं चालवलं. त्याने रंगवलेल्या कडीचा कडीपणा घालवला आणि तेवढ्याच जागेवर झेंडूचं एक फूल काढलं. ई फुलावर बसली. फकिराने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनाने काहीतरी केलं होतं, त्यामुळे तो जरा घाबरलेला होता.

"चालंल का, आक्का?"

बयाबाईने बराच वेळ बघितलं. "पहिल्या दिवशी फूल नव्हतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण दसरा आलाय. असू दे."

दुपारी पासिंग झालं. चावी पदरातून कायमची सुटली.

दसऱ्याच्या पहाटे झेंडूने भरलेला टेम्पो मार्केट यार्डात शिरला. समाधान काच खाली करून, मान ताठ ठेवून बसला होता. आता हाका ऐकायच्याच आहेत तर ऐकू, असं त्याने ठरवलं होतं. पण गर्दीत एक व्यापारी ओरडला, "तो बाणाचा टेम्पो इकडं घ्या!" दुसराही म्हणाला, "बाणवाले, इकडं!" तास-दीड तासात समाधानचं बारसं होऊन तो बाणवाला झाला. बयाबाई म्हणून त्याला कोणी हाक मारली नाही. घरी परत येताना त्याने वाटेत गाडी थांबवली, खाली उतरला आणि आपल्या बाजूचं रिकामं दार बघितलं.

घरी बयाबाई पूजेची तयारी करत होती. टेम्पो धुतला, हळदकुंकू वाहिलं, हार घातला. मग तिने ताट घेऊन कॉम्प्युटरकडे मोर्चा वळवला, कारण शेवटी नाव तिथेच जपलेलं होतं. वैष्णवीने पडद्यावर गाडी उभी केली. तीही सकाळपासून कामाला लागली होती. गाडी आता टेम्पोसारखी हवी ना? तिने दिवे पुसले होते, कडीच्या जागी झेंडूचं फूल काढलं होतं आणि दारावर पांढरा बाण काढला होता. नियमाप्रमाणे आकडा मात्र ठेवला होता.

"हे दोन बाण का?" बयाबाईने विचारलं.

"एक माऊसचा, एक टेम्पोचा."

"वळखायचा कसा?"

वैष्णवीने माऊस हलवला. एक बाण पडद्यावर इकडे तिकडे पळाला. दुसरा नावाकडे टोक करून जागच्या जागी राहिला.

"हां," बयाबाई म्हणाली. "पळतो तो तुझा. राहतो तो माझा."

समाधान दारात उभा होता. हातात लाल रंगाचा डबा होता. पाय बदलत होता.

"आई," तो म्हणाला, "उजव्या बाजूचं दार रिकामंच हाय."

"मग?"

"सत्तावीस पुसल्यावर बोडकं दिसतं. म्हटलं, तिकडं माझं नाव... बारीकसं. मी बसतो ना त्या बाजूला. फकिराला सांगतो."

"फकिराला कशाला? तू दहावी पास ना?"

"हो, पण..."

"मग लिही. स्वतःच्या हातानं."

तिने काडीला चिंधी बांधून दिली. समाधान उजव्या दारासमोर उभा राहिला. जन्मभर पेनाने लिहीत आलेला माणूस. दारावर, सगळ्यांसमोर, रंगाने पहिल्यांदाच लिहीत होता. स ची मान वाकली. मा फुगला. धा बरा आला, पण फार मोठा झाला. न लिहायला गेला तर दार संपलं होतं आणि मध्ये कडी होती. तो थांबला. मागे वळून आईकडे पाहिलं. बयाबाईने नुसती हनुवटी वर केली. समाधानने न कडीवर चढवला. खाली एक ओघळ आला, कडीला वळसा घालून घसरायला लागला.

समाधान घाईघाईने फडकं शोधायला लागला.

"पुसू नको," बयाबाई म्हणाली. "पोरीला तो पडद्यावर काढायचाय."